गुलमर्गला स्कीइंग आणि घरी यवतेश्वर: एकच घड्याळ दोन्हीकडे चालेल का?

यवतेश्वरची_चढण (१८ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात राहते. गेली सहा वर्षं आठवड्यातून तीनदा पहाटे यवतेश्वरचा घाट पळते, पावसाळा संपला की रविवारी एखादा किल्ला करते. जानेवारीत गुलमर्गला स्कीइंगच्या कोर्सला जायचं ठरलंय. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघणार आहे, त्यामुळे आत्तापासूनच झोप उडालीय.

आजवर मोबाईल खिशात टाकून पळत आले. आता उंची, हवेचा दाब, होकायंत्र, जीपीएस, हृदयाचे ठोके हे सगळं एकत्र असलेलं मनगटी घड्याळ घ्यावं म्हणते. वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवलेत. माझ्यासाठी ही रक्कम मोठी आहे, म्हणून विचारते.

यातलं नक्की काय वापरात येतं? स्कीइंग करताना घड्याळाकडे बघायला सवड मिळते का? आणि मुख्य म्हणजे, परत आल्यावर ते साताऱ्यात उपयोगी पडेल की कपाटात जाईल?

भडंगप्रेमी

ताई, सांगलीहून सांगतो, मोबाईल बास आहे. पंचवीस हजारांत चांगलं जॅकेट, चांगले हातमोजे आणि जाण्यायेण्याचं भाडं निघतं. उंची कळून करायचं काय? आमच्याकडे तर चढ म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन पूल, नाहीतर लांब जाऊन दंडोबाचा डोंगर.

सह्यभटक्या

भडंगप्रेमी, दंडोबाला नावं ठेवू नका, आमची सुरुवात तिथंच झाली. :)

पण मोबाईल बास आहे हे पटत नाही. पावसात ओल्या बोटांनी मोबाईलचा पडदा ऐकत नाही, हे सातारकरांना सांगायला नको. बर्फात हातमोजा काढल्याशिवाय मोबाईल चालवता येत नाही, आणि थंडीत बॅटरी धाडकन उतरते. ४० टक्के दाखवणारा फोन हातात मालवलेला मी पाहिलाय. घड्याळाची बॅटरीही थंडीत कमी टिकते, पण ते बाहीखाली मनगटाच्या उबेत असतं.

उंची कळून काय करायचं, तर ऐका. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात महाबळेश्वरच्या अंगाने जावळीत उतरणारी एक वाट आम्ही चढून आलो. येताना एका फाट्यावर थांबून वहीत लिहून ठेवलं: उंची ९४०, डावीकडे मोठं हिरड्याचं झाड. परतताना धुकं असं उतरलं की पुढच्या माणसाची पाठपिशवी दिसेना. एक वाट फुटलेली दिसली. सगळे म्हणाले, हाच फाटा, वळा. घड्याळात ९९० होतं. मी म्हटलं, अजून पन्नास मीटर उतरायचंय. कुरकुर झाली, पण उतरलो, आणि ९४५ ला ते हिरड्याचं झाड समोर उभं. वरची वाट गुरांची होती, ती कड्यावर जाऊन संपते, हे नंतर गावातल्या आजोबांकडून कळलं.

त्या दिवसापासून मला घड्याळातली उंची ही पायवाटेइतकी खरी वाटते.

माहुलीकर

सह्यभटक्या, तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण एक दुरुस्ती करतो. मी पाटबंधारे खात्यात होतो, पातळ्या घेण्यात हयात गेली, म्हणून लिहायचं धाडस करतो.

घड्याळ उंची मोजत नाही. ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची काढतं. समुद्रसपाटीला सरासरी दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक) धरलेला असतो. वर जाल तसा तो कमी होतो. साताऱ्याच्या उंचीवर साधारण नऊ मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल उतरतो. चार हजार मीटरच्या आसपास हवा विरळ असल्याने त्याच एका हेक्टोपास्कलला बारा मीटर लागतात.

आता गंमत बघा. दाब फक्त चढल्याने बदलतो असं नाही, हवामानानेही बदलतो. तुम्ही जागचे हलला नाहीत आणि दाब तीन हेक्टोपास्कल पडला, तर घड्याळ म्हणेल की तुम्ही सत्तावीस मीटर चढलात. त्याला फरक कळत नाही. म्हणून निघताना माहीत असलेल्या उंचीवर उभं राहून घड्याळात तो आकडा भरावा लागतो. हे न करणारेच नंतर म्हणतात की घड्याळ खोटं बोलतं.

माहीत असलेली उंची कुठं मिळते? रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर. स्टेशनच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठंही जा. फलाटावर पाटीशेजारी उभं राहायचं, घड्याळात आकडा भरायचा, दोन मिनिटांचं काम. शेजारी फुकट सोय आहे आणि लोक उपग्रहांकडे बघत बसतात.

कंदीपेढा

काका, आत्ता कळलं! माझं घड्याळ सकाळी दहाला ७१० दाखवतं आणि दुपारी चारला ७३५. त्याच टेबलावर. मी दुकानदाराशी भांडून आलो होतो.

माहुलीकर

कंदीपेढा, तुमचं घड्याळ उत्तम आहे, दुकानदाराला पेढे द्या.

आपल्याकडच्या हवेत रोज भरती-ओहोटीसारखा चढउतार असतो. सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. रात्री दहाला पुन्हा वाढतो, पहाटे चारला उतरतो. हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा, क्वचित त्याहून थोडा जास्त. उष्ण कटिबंधात तो ठळक दिसतो, थंड देशांत रोजच्या हवामानाच्या उलथापालथीत झाकला जातो. घड्याळासोबतची माहितीपुस्तिका बहुधा तिकडच्या हवेला धरून लिहिलेली असते, त्यामुळे आपल्याला वाटतं घड्याळ बिघडलंय.

सकाळी दहाला आकडा भरून किल्ल्यावर गेलात आणि चारला परत आलात, तर पायथ्याशी वीस-पंचवीस मीटर जास्तच दिसणार. ते गृहीत धरायचं.

पायवाट

काका, हे शाळेत शिकवलं असतं तर भूगोल आवडला असता.

मिरजेचा_डॉक्टर

हृदयाच्या ठोक्यांबद्दल लिहितो. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत सोडून रक्ताची लाट मोजतं. थंडीत शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं, मनगटात रक्त कमी पोचतं आणि आकडा भरकटतो. शिवाय स्कीच्या काठ्या घट्ट धरल्या की स्नायू ताणले जातात, पट्टा हलतो. ठोके नेमके हवे असतील तर छातीचा पट्टा घ्या, तो हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो.

रक्तातल्या प्राणवायूचा आकडा हल्ली बऱ्याच घड्याळांत असतो. थंड मनगटावर त्यावर विसंबू नका. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवटच्या डोंगरावर ३,९५० च्या आसपास सोडतो. काही मिनिटांत तेराशे मीटर. डोकं दुखतंय, मळमळतंय, तोल जातोय असं झालं तर घड्याळात ९२ असो की ९६, खाली उतरा. लक्षणं आधी, आकडा नंतर. माझ्या एका रुग्णाने बरोबर उलटं केलं आणि एक रात्र फार वाईट काढली.

बर्फाळ_पाय

मी मूळचा वाईचा. तीनदा गुलमर्ग आणि एकदा औली झालंय, त्यामुळे ताईंच्या मूळ प्रश्नावर येतो.

स्कीइंग करताना घड्याळाकडे बघायला सवड नसते आणि बघूही नये. सवड मिळते ती लिफ्टमध्ये किंवा उताराखाली धापा टाकत उभं असताना. बहुतेक चांगल्या घड्याळांत स्कीइंगचा वेगळा मोड असतो. दाबावरून त्याला कळतं की आता तुम्ही उतरताय, आता लिफ्टने वर जाताय. वर जाताना मोजणी आपोआप थांबते. दिवसअखेर किती वेळा उतरलात, एकूण किती मीटर उतरलात, कमाल वेग किती, हे समोर येतं. ते बघायला खूप आनंद होतो, खोटं का बोलू.

महत्त्वाचं म्हणजे बटणं. पडद्याला बोट लावून चालणारं घड्याळ घेऊ नका, किंवा घेतलंत तर बटणांनीही सगळं चालतंय ना हे बघा. दुकानात जाताना जाड हातमोजे घेऊन जा आणि ते घालून घड्याळ सुरू-बंद करून बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

दुसरं म्हणजे घालायचं कुठं. जाड घड्याळ हातमोज्याच्या आत असलं आणि तुम्ही पुढं हात टेकून पडलात (पडणारच), तर बाजूचं बटण हाताच्या मागच्या बाजूत रुततं. पहिल्या वर्षी माझ्या मनगटावर चार दिवस निळा डाग होता. तेव्हापासून मी जॅकेटच्या बाहीवरून बांधतो. त्यासाठी लांब पट्टा लागतो, कापडी असेल तर उत्तम. बाहीवर बांधलं की ठोके मिळत नाहीत, पण तापमान खरं मिळतं. कातडीला लागून असलेलं घड्याळ अंगाची ऊब मिसळूनच तापमान दाखवतं. घरीही खरं तापमान हवं असेल तर घड्याळ काढून अर्धा तास बाजूला ठेवावं लागतं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. घड्याळ हिमस्खलनात वाचवत नाही. अफरवटच्या मोकळ्या उतारांवर जाणाऱ्यांकडे बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं, ४५७ किलोहर्ट्झवर चालणारं शोधयंत्र, लांब सळई आणि फावडं लागतं, आणि ते वापरण्याचं शिक्षण लागतं. उलट घड्याळ आणि मोबाईल त्या यंत्राच्या कामात अडथळा आणतात. एरवी २० सेंटीमीटर आणि शोध चालू असताना ५० सेंटीमीटर अंतर ठेवायला शिकवतात. म्हणजे शोधयंत्र ज्या हातात, त्या मनगटावर घड्याळ नको. ताई कोर्समध्ये नवशिक्यांच्या उतारावरच असतील, पण पुढे कुणी उत्साहाच्या भरात वर जाईल म्हणून लिहून ठेवतो.

भडंगप्रेमी

बर्फाळभाऊ, हातमोजे घालून दुकानात जायची आयडिया पटली. मोबाईलचा मुद्दा मी मागे घेतो, निदान बर्फापुरता.

पण एक विचारू का? या घड्याळात वादळाचा इशारा असतो म्हणे. मग २०१९ सारख्या पुराचा अंदाज नाही का येणार? आम्हा सांगलीकरांना तेवढं एक कारण पुरेल घड्याळ घ्यायला.

कृष्णाकाठ

भावा, नाही येणार. २०१९ ला आमच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, त्यामुळे हा विषय मी हसण्यावारी नेऊ शकत नाही.

घड्याळातला इशारा दाब झपाट्याने पडला की वाजतो. सुंटो कंपनीच्या घड्याळांत तीन तासांत चार हेक्टोपास्कल असा हिशेब असतो. तो तुमच्या डोक्यावरच्या हवेपुरता. सांगलीचा पूर येतो कोयनेच्या विसर्गाने, वारणेच्या पाण्याने, महाबळेश्वर-नवजाच्या पावसाने. सांगलीत लख्ख ऊन असताना कृष्णा चढते. आयर्विन पुलाशी पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि कोयनेतून किती पाणी सोडलं, हे आकडे बघा. मनगटाकडे बघून त्या रात्री कुणी थांबू नये.

भडंगप्रेमी

समजलं. हे मी आईलाही वाचून दाखवलं.

पायवाट

माझ्याकडून दोन अनुभव, दोन्ही पाण्याचे.

घड्याळाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात, तिथूनच दाब मोजला जातो. कासच्या रस्त्यावर जुलैत पळून आले आणि दोन दिवस उंची एका आकड्यावर अडकली. भिंगातून पाहिलं तर भोकांत तांबडी माती आणि घाम वाळून पुटं झालेली. टाचणी घालायचा मोह झाला होता, पण आतला पडदा फाटतो म्हणतात. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, दहा मिनिटं बुडवून ठेवलं, मग साध्या पाण्याने धुतलं. चालू झालं.

दुसरा अनुभव वाईट आहे. आधीच्या घड्याळाचा सेल एका दुकानात बदलून घेतला. मागचं झाकण लावताना रबरी कडी नीट बसवली नव्हती. पुढच्याच आठवड्यात ठोसेघरच्या पावसात काचेआड धुकं जमलं आणि घड्याळ गेलं. सेल बदलला की पाण्याची चाचणी करून मागा, पैसे जास्त पडले तरी. आणि ५० मीटर लिहिलंय म्हणजे ५० मीटर खोल बुडी मारता येते असं नाही. तो स्थिर दाबाच्या चाचणीचा आकडा असतो. पोहायला चालतं, पण पाण्यात बटणं दाबू नका.

यवतेश्वरची_चढण

केवढं शिकले मी! होकायंत्राबद्दल कुणीच बोललं नाही. ते लागतं का?

सह्यभटक्या

लागतं, पण नखरे फार. वापरण्याआधी दरवेळी हवेत आठचा आकडा काढून जुळवून घ्यायचं. गाडीच्या टाकीजवळ, हातातल्या स्टीलच्या कड्याजवळ भरकटतं. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, त्यात लोहयुक्त खनिजं, त्यामुळे कातळावर हात टेकवून वाचू नका. उभं राहून, घड्याळ आडवं धरून, आणि दोन पावलं सरकून पुन्हा वाचायचं. दोन्ही वेळा दिशा एकच आली तर खरी.

मी होकायंत्रापेक्षा जास्त वापरतो ती सूर्यास्ताची वेळ. वासोटा किल्ल्याला बामणोलीहून बोटीने जाता, संध्याकाळच्या आत परत बोटीत बसावं लागतं, आणि दाट झाडीत उजेड घड्याळाच्या बराच आधी जातो.

कंदीपेढा

मग ताई, कुठलं घेताय?

यवतेश्वरची_चढण (२ डिसेंबर)

घेतलं. नवं नाही. पुण्याच्या एका मैत्रिणीकडून दोन वर्षं वापरलेलं, पाच बटणांचं, साडेअकरा हजारांना. उरलेल्या पैशांत हातमोजे आणि चष्मा. दुकानात हातमोजे घालून जायची वेळ आली नाही, पण तिच्या बैठकीत ती परीक्षा घेतली. लांब पट्टा राजवाड्याजवळच्या बॅगा शिवणाऱ्या काकांकडून नायलॉनचा करून घेतला.

आज स्टेशनच्या पाटीखाली उभी राहिले. फलाटावरचा चहावाला विचारत होता, कुणाला आणायला आलात का.

यवतेश्वरची_चढण (९ फेब्रुवारी)

परत आले! सगळ्यांना लिहायचं वचन दिलं होतं.

पहिले तीन दिवस घड्याळाने माझी एकही उतरण मोजली नाही. शून्य. आम्ही दहा-पंधरा मीटरच्या चढावर स्की आडवे टाकत, पाऊल पाऊल करत चढायचो आणि टाचा बाहेर ढकलून नांगरासारखा आकार करत खाली यायचो. एवढीशी उंची घड्याळाच्या हिशेबातच बसत नव्हती. वाईट वाटलं, कारण आयुष्यात इतकी दमले नव्हते. पाचव्या दिवशी दोरीच्या लिफ्टने वर गेलो आणि खाली आल्यावर बाहीवर पहिल्यांदा "१" उमटला. मी हात वर करून ओरडले. शिक्षक म्हणाले, पुढच्या वेळी ओरडण्याआधी थांबायला शिका, कारण मी तशीच कुंपणापर्यंत गेले होते.

बर्फाळदादा, बाहीवर बांधायचा सल्ला लाखमोलाचा. मी मोजून एकतीस वेळा पडले, मनगट शाबूत. उणे अकराला पडद्यावरचे आकडे आळसावल्यासारखे बदलायचे, पण बटणं शेवटपर्यंत चालली. डॉक्टरसाहेब, गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो त्या कोंगडोरीच्या वर गेलेच नाही. आमच्या गटातल्या एकाचं डोकं दुखायला लागल्यावर दोघं मिळून खाली आलो.

पण खरं सांगायचंय ते माहुलीकर काकांना. मुक्कामी पोचल्यावर खोलीत २,६५० भरून ठेवलं होतं. रोज झोपताना बघायचे, पाच-सात मीटर इकडेतिकडे. आठव्या रात्री साडेदहाला बघते तर २,६७४. मी गादीत, पायांत गरम पाण्याची पिशवी, आणि घड्याळ म्हणतंय चोवीस मीटर चढलीस. रात्री दोनला जाग आली तेव्हा २,७०२. पुस्तिका न बघता हिशेब केला: बावन्न मीटर, त्या उंचीवर दहा-अकरा मीटरला एक, म्हणजे जवळजवळ पाच हेक्टोपास्कल पडलेत. रोजची भरती-ओहोटी एवढी नसते. खोलीतल्या मैत्रिणीला उठवून सांगितलं, उद्या बर्फ पडणार. ती म्हणाली, झोप.

सकाळी खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ. गोंडोलाचा वरचा टप्पा बंद, आमचाही दिवस खोलीत गेला. मैत्रीण दिवसभर दर तासाला विचारत होती, आता किती? दुपारनंतर आकडा उतरायला लागला आणि तिसऱ्या दिवशी ऊन पडलं.

काका, साताऱ्याच्या फलाटावर शिकलेलं मला काश्मिरात कळलं.

माहुलीकर

वाचून डोळे भरून आले, पोरी. घरात सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं.

भडंगप्रेमी

ताई, मैत्रिणीकडे असं अजून एखादं वापरलेलं आहे का?

यवतेश्वरची_चढण

विचारते! आणि सह्यभटक्या, या शनिवारी वासोटा करतोय, पाच जण आहोत, येताय का? वनखात्याच्या परवानगीचं मी बघते.

सह्यभटक्या

येतो. बामणोलीला सकाळी साडेसातला. काका, तिथं स्टेशनची पाटी नाही, आकडा कुठला भरायचा?

माहुलीकर

पाटी कशाला हवी, समोर कोयना धरणाचा एवढा शिवसागर जलाशय आहे. पाण्याची पातळी सगळीकडे एकच. धरण भरलेलं असताना ती ६५९ मीटर असते, फेब्रुवारीत खाली गेलेली असेल. कोयनेची त्या दिवशीची पातळी आदल्या रात्री बघून ठेवा. ती फुटांत देतात, ०.३०४८ ने गुणा. धक्क्यावर नको, बोटीत बसल्यावर पाण्यालगत हात धरून आकडा भरा, आणि परत बोटीत आल्यावर किती दिसतं ते मला कळवा.